दुसरी सुई

डॉक्टरांनी आजाराचं नाव घेतलं तेव्हा मी ह्यांच्याकडे बघत होते. ह्यांना नीट ऐकू आलं का, पथ्यपाणी काय ते विचारतील का, एवढंच माझ्या डोक्यात. डॉक्टर थांबले आणि म्हणाले, "मावशी, मी तुमच्याविषयी बोलतोय."

अल्झायमर्स. सुरुवातीचा टप्पा. म्हणजे मेंदूत आठवणी साठवणाऱ्या भागाची झीज होत जाते आणि झालेली झीज भरून येत नाही. मला हे समजावून सांगायची गरज नव्हती. माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स म्हणून गेली. असले पेशंट मी सांभाळलेत. पोटच्या पोराला "भेटायची वेळ संपली, निघा आता" म्हणणारी एक बाई माझ्याच वॉर्डात होती. तेव्हा आम्ही सगळ्या सिस्टर हसलो होतो.

हे लिहितेय ते आठवतंय तोवर लिहून मोकळं व्हावं म्हणून. यातल्या काही गोष्टी मला ह्यांनी सांगितल्या आहेत, कारण त्या माझ्यापाशी उरलेल्या नाहीत. तुमच्या घरात दोनच म्हातारी माणसं राहत असतील तर शेवटपर्यंत वाचा. माझं बोलणं जरा फटकळ असतं, ते तेवढं चालवून घ्या.

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. टेंभुर्णीकडचं गाव, बोलणं अजून तिकडचंच. सोलापूर-नातेपुते गाडी त्यांनी इतकी वर्षं चालवली की वाटेतला प्रत्येक खड्डा त्यांना नावानिशी ठाऊक. मग साखर झाली आणि साखरेनं डोळे खाल्ले. डायबेटिक रेटिनोपथी, म्हणजे डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होणं. आता समोर कुणीतरी उभं आहे एवढं त्यांना कळतं, कोण ते आवाजावरून ओळखतात. इन्सुलिन मी देते. लग्न झाल्यापासून ते मला सिस्टर म्हणतात. रोज सकाळी मी इन्सुलिनचं पेन घेऊन गेले की विचारणार, "काय सिस्टर, आज डूटी कुटली? पोट का मांडी?"

ह्यांची आठवण पक्की, माझे हात आणि डोळे पक्के. दोघांचं मिळून एक धड माणूस होत होतं. त्यावर आमचं घर चाललं होतं.

आम्ही जुळे सोलापूर भागात राहायला आलो तेव्हा कॉलनीत नुसती पोरं होती. संध्याकाळी रस्त्यावर क्रिकेट, कुणाच्या ना कुणाच्या घरची काच फुटलेली. आता काचा फुटत नाहीत. पोरं पुण्याला, बेंगलोरला, काही पार परदेशात. आमची लेक सुजाताही पुण्यालाच. कोपऱ्यावर बालवाडी होती, तिच्या भिंतीवरचा ससा आणि फुगे अजून तसेच आहेत, पण आत आता घरी माणसं सांभाळायला बाया पुरवणारं केंद्र आहे. सकाळी तिथून पांढऱ्या कोटातल्या मुली बाहेर पडतात आणि एकेका गेटात शिरतात. गेल्या वर्षी दोन-तीन गेटांत जायच्या. आता आमच्या ओळीत आमचं आणि समोरच्या बिराजदार काकांचं घर सोडलं तर सगळीकडे जातात. मला ते बघून बरं वाटायचं नाही. वॉर्डात राउंड सुरू झाला की आपली कॉट कधी येते त्याची वाट बघत पडलेल्या पेशंटसारखं वाटायचं.

पहिलं लक्षण म्हणाल तर मला काही दिसलंच नाही. ज्याला हा आजार होतो त्याला तो शेवटी कळतो. मला दिसल्या त्या मुंग्या.

ह्यांचे शर्ट धुवायला काढले की वरच्या खिशात मुंग्या. एकदा झटकल्या, दोनदा झटकल्या. मग खिशाच्या शिवणीत बोट घातलं तर चिकट. गूळ! मी डबा बघितला, निम्मा झालेला. तेवढ्यात तपासणीत साखर वाढलेली निघाली. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांची साखर सरासरी कशी राहिली ते सांगणारी रक्ताची तपासणी, तीही वाईट. नेहमीच्या डॉक्टरांनी इन्सुलिनचा डोस वाढवला. मी घरी येऊन ह्यांची जी खरडपट्टी काढायला सुरुवात केली ती जेवण होईपर्यंत. "म्हातारपणी जिभेचे चोचले सुचतायत! पाय कापायची वेळ आली म्हणजे कळेल. लाज नाही वाटत चोरून खायला?"

हे खाली मान घालून ऐकत होते. एवढंच म्हणाले, "चुकलं सिस्टर."

मी गुळाचा डबा कपाटात ठेवला, साखरही ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. नर्स आहे मी. माझ्या पेशंटला पथ्य कसं पाळायला लावायचं ते मला कुणी शिकवायला नको, असं मनात म्हटल्याचं आठवतंय. नेमकं तेवढं आठवतंय बघा.

त्यानंतरच्या पाण्याच्या दिवशी ते झालं. सोलापूरच्या माणसाला पाण्याचा दिवस म्हणजे काय ते सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. नळाला रोज पाणी नसतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातली सगळी कामं बाजूला. मोटर लावा, वरची टाकी, खालचा हौद, पिंप, बादल्या, आणि पाणी जायच्या आत पुन्हा एकदा सगळं बघा. तरुण घरात ही धांदल असते. आमच्या ओळीत मात्र त्या दिवशी सगळी म्हातारी माणसं भिंतींना धरून दारात उभी असतात.

पाणी भरून मी आत आले तर हे व्हरांड्यातल्या खुर्चीत घामानं निथळत होते. उन्हाळ्याचे दिवस, मला वाटलं उकाड्यानं. हाक मारली तर काहीतरी पुटपुटले. हात थंडगार. मग माझ्यातली नर्स जागी झाली. ग्लुकोमीटर काढलं, बोट टोचलं, आकडा बघितला. हायपोग्लायसेमिया, म्हणजे रक्तातली साखर जीव जाण्याइतकी खाली उतरणं. हाक मारली तरी आता डोळे उघडत नव्हते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, साखरपाणी काही ओतायचं नाही, ते फुफ्फुसात जातं. तुम्हीही लक्षात ठेवा. मी गेटात जाऊन बिराजदार काकांच्या नावानं ओरडले.

काका एकटेच राहतात, बायपास झालेली, डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केलेली. पण "अय्यो, काय झालं हो!" करत आले. ह्यांचे खांदे त्यांनी धरले, पाय मी धरले. काकांच्या गाडीपर्यंत नेताना दोनदा खाली टेकवावं लागलं. पांढऱ्या कोटातल्या मुली अजून यायच्या होत्या, रस्त्यावर मदतीला हाक मारावी असं कुणीच नव्हतं. ओळीतली सगळी दारं उघडी होती, प्रत्येक दारात एक म्हातारं माणूस उभं होतं, आणि त्यातल्या एकालाही पायरी उतरून येता येत नव्हतं.

इस्पितळात काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "पेशंटबरोबर कोण आहे?"

"मी."

"तसं नाही आजी. बरोबरचं कोण आहे? धावपळ करायला?"

मी काकांकडे बोट दाखवलं. काका छाती धरून बाकावर बसले होते. मुलीनं आमच्याकडे बघितलं आणि सही करायची जागा मला दाखवली.

शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, गेलं आणि हे डोळे उघडून म्हणाले, "पाणी भरलं का सगळं?" माझा जीव भांड्यात पडला.

आयसीयूचे डॉक्टर तरुण होते, सुजाताच्या वयाचे. मला म्हणाले, "इन्सुलिन दोनदा गेलं असेल का?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "डॉक्टर, तुम्ही शाळेत जात होता तेव्हापासून मी इंजेक्शनं देतेय. डोळ्यांत तेल घालून देते. चुकून जायला मी काय शिकाऊ आहे?" डॉक्टर "बरं मावशी" म्हणून पुढच्या पेशंटकडे गेले. पण दुसऱ्या दिवशी राउंडला आले तेव्हा मला विचारलंच नाही. ह्यांच्या उशाशी स्टूल ओढून बसले.

"काका, काल इन्सुलिन किती वेळा घेतलं?"

"येकदाच."

"काका, खरं सांगा. परत असं झालं तर तुम्ही जाल. मग मावशींकडे कोण बघणार?"

ह्यांनी मान माझ्या बाजूला वळवली. मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते, ते त्यांना ठाऊक होतं. मग म्हणाले, "दोन येळा. पयलं उठल्यावर दिलं तिनं. मग पानी भरून आली आन् पुन्यांदा दिलं. कालच न्हाय, लई येळा झालंय. थंडीपासनं."

"मग तुम्ही सांगितलं का नाही त्यांना?"

"येकदा सांगितलं हुतं. लई रडली. म्हनाली, माझ्या हातनं असं हुईलच कसं. दोन दिस जेवली न्हाय. मग म्या ठरवलं, टोचू दे. वर गुळाचा खडा खाल्ला की बसतंय की ते. बसत हुतं. काल डबा घावला न्हाय."

डॉक्टर त्यांच्याकडे बघतच राहिले. "अहो काका, जीव गेला असता तुमचा!"

"तिची डूटी गेली आसती न्हवं," हे म्हणाले. "तेवडीच ऱ्हायलीय तिची."

मला आधी राग आला. रडू नंतर आलं, घरी आल्यावर, कपाट उघडून गुळाचा डबा बघितला तेव्हा. साखर वाढत होती ती गुळानं, गूळ खावा लागत होता तो माझ्या दुसऱ्या सुईनं, त्या गुळापायी डॉक्टरांनी डोस वाढवला आणि तो वाढीव डोस मी पुन्हा दोनदा देत होते. वर ह्यांना चोर म्हणत होते. जन्मभर शेकडो पेशंट सांभाळले आणि घरातला एक मारायला निघाले होते. पण खरी भीती वेगळ्याच गोष्टीची वाटली. मी रडले होते म्हणे. दोन दिवस जेवले नव्हते म्हणे. ती रडारड कधी झाली, कुठे बसून झाली, मला आजतागायत आठवत नाही. नुसता डोस नाही, तो विसरल्याचं दुःखसुद्धा मी विसरले होते.

पुढे मेंदूच्या डॉक्टरांकडे माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. आधी थायरॉइड आणि बी-ट्वेल्व्ह तपासलं. यांची कमतरता असली तरी विसरायला होतं आणि ते गोळ्यांनी बरं होतं. माझं काहीतरी कमी निघावं म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. सगळं नॉर्मल आलं. मग एमआरआय, म्हणजे चुंबकाच्या नळकांड्यात झोपवून मेंदूचे फोटो काढतात ते. आत ठकठक आवाज होत राहतो. दुखत काही नाही, फक्त हलायचं नाही.

वेटिंग हॉल मला अजून दिसतो. भिंतीवरच्या पडद्यावर नंबर यायचा आणि कुणालाच तो वाचता यायचा नाही. पेशंट म्हातारा, धरून आणणारीही म्हातारी. कोण कुणाला घेऊन आलंय ते आत गेल्यावरच कळायचं. माझ्या शेजारी अक्कलकोटकडचं एक जोडपं होतं, आपसात कानडीत बोलत होतं. आजोबा दर थोड्या वेळानं बायकोला तोच प्रश्न विचारायचे आणि ती दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं उत्तर द्यायची. मी तिच्याकडे बघितलं, मग शेजारी बसलेल्या ह्यांच्याकडे बघितलं, आणि मला त्या दोघांकडे बघवेना.

डॉक्टरांनी कागद दिला. "मावशी, घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं झालेली दाखवा." मी हसले. गोल काढला, आकडे घातले, एक काटा अकरावर, दुसरा दहावर. डॉक्टर कागद बघत राहिले. त्यांनी सांगितलं म्हणून मला कळलं की मिनिटकाटा दोनवर पाहिजे होता. अजूनही ते घड्याळ डोळ्यांपुढे आणलं की मला ते बरोबरच वाटतं.

त्याच खोलीत, त्यानंतरच्या खेपेला, आजाराचं नाव कळलं. सुरुवातीला सांगितलं ते.

सुजाता रजा काढून आली. ती वाईट नाही, हे आधी लिहून ठेवते. तिच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली, एका खोलीत ती, एका खोलीत पोरं. कोपऱ्यावरच्या केंद्रात ती जाऊन आली, तर सकाळची एकही बाई मोकळी नाही. नाव लिहून ठेवा म्हणाले, कुणाचं घर रिकामं झालं की कळवू. घर रिकामं होणं म्हणजे काय ते त्यांनाही ठाऊक, आम्हालाही. मग तिनं फोनवर एका वृद्धाश्रमाचे फोटो दाखवले. स्वच्छ, बाग वगैरे. मी विचारलं, आम्ही एका खोलीत का? ती खाली बघून म्हणाली, "पुरुषांचा मजला वेगळा असतो आई. पण दिवसा भेटता येतं."

हे नुसतं म्हणाले, "मग हिला सिस्टर कोन म्हनल तितं?"

सुजाता रडली. जाताना म्हणाली, "आई, आणखी एकदा जरी दोनदा इन्सुलिन गेलं, तरी मी तुमचं दोघांचं काही ऐकणार नाही." तिचं बरोबर होतं. मी तिच्या जागी असते तर इतकीही मुदत दिली नसती.

नेहमीच्या डॉक्टरांनी वाढवलेला डोस पुन्हा कमी करून दिला, पूर्वीसारखा सकाळी एकदाच. म्हणाले, "सध्या तुम्हीच द्या. पण काकांनी हो म्हटल्याशिवाय सुई लावायची नाही." हा 'सध्या' मला चांगला माहीत आहे. वॉर्डात नातेवाईकांना आम्हीही तोच द्यायचो.

त्यावर आम्ही एक रीत बसवली. भिंतीवर खुणा करायचा तक्ता लावून बघितला होता. खूण करायला मी विसरणार आणि ती ह्यांना दिसणार नाही, म्हणून काढून टाकला. आता रोज उठल्यावर मी ह्यांचा हात धरून त्यांच्याच खिशात घालते, खिसा मोकळा आहे हे त्यांना कळावं म्हणून. इंजेक्शन दिलं की सुईचं प्लास्टिकचं टोपण त्या खिशात टाकते. बोटाला टोपण लागलं, म्हणजे झालं. पूर्वी जिथे गूळ असायचा तिथेच. मुंग्या गेल्या.

रीत चांगली होती, पण तिच्यातली कमजोर जागा मला दिसत होती. ह्यांना नाही म्हणता येत नाही. मला तर त्यांनी कधीच म्हटलेलं नाही. मी भाकरीत मीठ जास्त घातलं तरी हा माणूस जन्मभर "झकास" म्हणत आला. मी सारखी बजावायचे, "मी रडले, ओरडले तरी नाही म्हणायचं. म्हणाल ना?" हे म्हणायचे, "म्हनीन की." माझा काडीचा विश्वास नव्हता.

परवा पाण्याचा दिवस होता. मोटर बंद केली, हात पुसले, फ्रिजमधून पेन काढलं, सुई लावली आणि ह्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"शर्ट वर करा."

"न्हाय," हे म्हणाले.

"न्हाय काय? नाश्ता खोळंबलाय."

"झालंय मगाशी."

आता हे नीट ऐका. मला अंधुकसुद्धा काही आठवत नव्हतं. दिलं की नाही अशी शंकाही नव्हती. कोर्टात उभं केलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं की मी दिलेलं नाही. मी भडकले. "तुम्हाला उपाशी राहायचंय का? गूळ खायचाय पुन्हा? डोळ्यांनी दिसत नाही आणि मला शिकवताय!"

ह्यांनी खिशातून टोपण काढून तळहातावर धरलं.

"कालचं असेल ते!"

"कालचं न्हाय. सकाळी मोकळा खिसा तूच दावला मला." मग दोन्ही हात पोटावर दाबून धरले आणि म्हणाले, "रड. जेवू नको. माझ्याशी बोलू बी नको. पर मी टोचून घेनार न्हाय, सिस्टर. न्हाय म्हंजे न्हाय."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात पोटावरून हलत नव्हते. मी पेन हातात घेऊन तशीच उभी होते. मग सुई काढली, पेन जागेवर ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडले. ह्यांनी बाहेरून एकदाही समजूत घातली नाही. संध्याकाळी बोट टोचून साखर बघितली. जेवढी असायला हवी तेवढी होती. दुसरी सुई गेली असती तर मी आज हे इथे बसून लिहीत नसते, आणि हे शेजारच्या खुर्चीत नसते.

डॉक्टरांचे, बिराजदार काकांचे, सुजाताचे उपकार आहेतच. पण मला सगळ्यांत मोठा आधार झाला तो ह्यांच्या त्या 'न्हाय'चा. घरातल्या माणसाच्या चुकीवर प्रेमानं पांघरूण घालणारे खूप असतात, आमचंही घर तसंच वरवर समजूतदार होतं. तुमच्या घरी कुणी विसरत असेल तर रडू द्या त्याला, पण तोंडावर सांगा.

आता कोपऱ्यावरची पांढऱ्या कोटातली मुलगी आमच्या गेटापुढून जाताना आत डोकावते. केंद्रात आमचं नाव लिहिलेलं आहे. एक सकाळ अशी येणार की समोर पोटावर हात धरून बसलेला हा माणूस कोण, हेच मला कळणार नाही, आणि माझ्या हातात पेन असेल. म्हणून काल मी ह्यांना समोर बसवून पुन्हा बजावलं, "मी तुम्हाला ओळखलं नाही, परका म्हटलं, तरीसुद्धा नाहीच म्हणायचं."

ह्यांनी माझा हात चाचपून धरला. म्हणाले, "म्हनीन की."

या वेळी मी विश्वास ठेवला.